इंदूरला टीम हवी, पण दुसऱ्या गावाची उचलून आणलेली नको

आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर आठवडाभर एकच विषय चालू आहे. आयएसएल म्हणजे इंडियन सुपर लीग, देशातली सगळ्यात वरची फुटबॉल लीग. तिची टीम हैदराबादहून दिल्लीला जाऊ शकते, तर एखादी इंदूरला का येऊ नये? एवढं मोठं शहर, स्वच्छतेत वर्षानुवर्षं पहिला नंबर, मेट्रो सुरू झाली, मग आपली स्वतःची फुटबॉल टीम का नको? सह्या गोळा करायच्या असं ठरलंय. माझा मुलगा फुटबॉल खेळतो म्हणून तिघांनी मला म्हटलं, "ताई, पहिली सही तुमचीच." मी सही केली नाही. त्याचं कारण दोन ओळींत सांगता येईना, म्हणून इथे लिहितेय.

ज्या टीमचं उदाहरण सगळे देताहेत, तिची लीगमधली जागा मुळात पुण्याची. 2014 साली आयएसएल सुरू झाली तेव्हा आठ टीम होत्या, त्यात एक एफसी पुणे सिटी. माझी बहीण बाणेरला राहते, तिथून बालेवाडीचं स्टेडियम जवळच. मार्च 2018 मध्ये मी तिच्याकडे गेले होते आणि नेमकी बेंगळुरूविरुद्ध सेमीफायनलची पहिली मॅच होती. भाचा तेव्हा अकरा वर्षांचा. नारिंगी-जांभळा टी-शर्ट आदल्या रात्रीच इस्त्री करून खुर्चीवर ठेवला होता त्याने. बालेवाडीत स्टँड आणि मैदान यांच्यामध्ये पळण्याचा ट्रॅक आहे, त्यामुळे खेळाडू लांब दिसतात. तरी आपल्या पुण्याच्या मार्सेलिन्होकडे बॉल गेला की आमची अख्खी रांग उभी राहायची. मॅच 0-0 सुटली. परतीच्या मॅचला बेंगळुरूत सुनील छेत्रीने तीन गोल मारले आणि पुणं 3-1 ने हरलं. भाचा त्याच टी-शर्टमध्ये न जेवता झोपला. सकाळी उठून म्हणाला, "पुढच्या वर्षी बघ, मावशी."

पुढचं वर्ष मिळालं, त्याच्या पुढचं नाही. 2019 मध्ये एफसी पुणे सिटी बंद झाली आणि लीगमधली ती जागा हैदराबादला गेली. त्याच वर्षी दिल्ली डायनामोज भुवनेश्वरला जाऊन ओडिशा एफसी झाली. हैदराबाद पहिल्या सीझनला तळाला राहिलं, पण 2022 मध्ये केरळ ब्लास्टर्सला पेनल्टीवर हरवून चॅम्पियन झालं. लोक जोडले गेले, शहराला आपलं काहीतरी मिळालं. मग पैशांची ओढाताण सुरू झाली, चांगले चांगले खेळाडू सोडून गेले आणि 2025 मध्ये तीच जागा दिल्लीला गेली. नाव पडलं स्पोर्टिंग क्लब दिल्ली. म्हणजे दिल्लीची टीम भुवनेश्वरला आणि पुण्याची हैदराबादमार्गे दिल्लीला. सहा वर्षांतला हा प्रवास. यात कुठल्याही गावातल्या पोराला कुणी काही विचारलं नाही.

पुण्याचं मला जास्त वाईट वाटतं. त्याआधी आय-लीगमध्येही (आयएसएलच्या आधीपासूनची राष्ट्रीय लीग, आता तिच्या खालची) पुण्याचे पुणे एफसी, भारत एफसी, डीएसके शिवाजीयन्स असे तीन क्लब खेळून गेले होते. एकही टिकला नाही. भाचा आता कॉलेजात आहे आणि रात्री जागून इंग्लंडच्या मॅच बघतो. आपल्याकडच्या लीगचा विषय काढला की उठून आत जातो. तो टी-शर्ट बहिणीने अजून टाकलेला नाही.

इंदूरच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागू नये. आपलीही टीम गेलेली आहे. होळकरांच्या टीमने चार वेळा रणजी जिंकली, शेवटची 1952-53 मध्ये. सी. के. नायडू कॅप्टन, मुश्ताक अलींसारखा ओपनर. संस्थान विलीन झालं, पुढे काही वर्षांत रणजीतून होळकर हे नावही गेलं. आधी मध्य भारत, मग मध्य प्रदेश. कुणी विकली नाही, कुणी पळवली नाही, नकाशाच बदलला. तरी जायचं ते गेलंच. बाबांनी लहानपणी यशवंत क्लबच्या मैदानावर आजोबांच्या खांद्यावर बसून नायडूंना बघितलंय. जून 2022 मध्ये मध्य प्रदेशने मुंबईला हरवून रणजी जिंकली, चंद्रकांत पंडित कोच होते, तेव्हा बाबा टीव्हीसमोर बसले होते. शेवटची रन झाली आणि ते म्हणाले, "होळकरांनंतर आपली हीच." एकोणसत्तर वर्षं मनात ठेवलं होतं त्यांनी. टीम म्हणजे काय असते हे मला त्या दिवशी समजलं.

मालकांची बाजू मला कळत नाही असं नाही. बँकेत नोकरी करते, ताळेबंद वाचता येतो. आयएसएलचे क्लब दरवर्षी कोट्यवधी रुपये गमावतात. तिकिटांतून येणारा पैसा किरकोळ आणि 2025 मध्ये तर फेडरेशन आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातला करार संपत आला म्हणून सीझनच अडकला, क्लबांना खेळाडूंचे पगार द्यायचे की नाही हेच कळेना. अशात कुणी कायम तोटा सोसत बसावं असं मी म्हणणार नाही. मालकाला थांबायचं असेल तर त्याने थांबावं. पण त्याच्याकडची लीगमधली जागा ही दुकानाच्या पागडीसारखी दुसऱ्या गावाला द्यायची वस्तू नाही. ती रिकामी झाली तर खालच्या लीगमध्ये जो पहिला येईल त्याला मिळावी.

आणि हे आपल्या देशातही सुरू झालंय. 2023 मध्ये आय-लीग जिंकून पंजाब एफसी आयएसएलमध्ये वर आलं. 2024 मध्ये मोहम्मेडन स्पोर्टिंग आलं, 1891 पासूनचा क्लब. त्यांना कुणाच्या मेहेरबानीने जागा मिळाली नाही, त्यांनी मॅच जिंकल्या. आधी नव्या टीमसाठी शहरांची यादी काढून टेंडर निघायचं. 2020 च्या यादीत आपलं भोपाळ होतं, इंदूर नव्हतं, तेव्हा याच ग्रुपवर किती चिडचिड झाली होती आठवतंय ना? यादीत नाव नसल्याचं दुःख मलाही झालं होतं. आज वाटतं, टेंडर भरून आलेली टीम टेंडर भरूनच जाते.

लंडनमध्ये विम्बल्डन नावाचा जुना क्लब होता. 2002 मध्ये त्याला मिल्टन कीन्स या दुसऱ्या शहरात न्यायची परवानगी मिळाली. चाहत्यांनी त्याच वर्षी स्वतःचा क्लब काढला, एएफसी विम्बल्डन. सार्वजनिक मैदानावर ट्रायल घेऊन खेळाडू निवडले आणि तिथल्या लीगच्या उतरंडीत नवव्या पायरीपासून सुरुवात केली. 2011 मध्ये ते पुन्हा मुख्य फुटबॉल लीगमध्ये आले, 2020 मध्ये प्लाऊ लेनला आपल्या जुन्या भागात परतले. अठरा वर्षं लागली. तो क्लब आजही चाहत्यांच्याच मालकीचा आहे.

आपल्या मध्य प्रदेशात अशा पायऱ्याच नाहीत, ही माझी खरी तक्रार आहे. शहडोलजवळच्या विचारपूरची पोरं फुटबॉलमुळे देशभर माहीत झाली, पण त्यांना आपल्याच राज्यात वर्षभर खेळायला मिळेल अशी दमदार लीग कुठे आहे? नेहरू स्टेडियममध्ये निवडणूक आली की मतमोजणी असते आणि मग मैदानाला खिळे, खड्डे. मुलगा ज्या छोट्या क्लबात खेळायचा तो दीड वर्षापूर्वी बंद पडला. नाव घेत नाही, चालवणारे भले लोक होते, मैदानाचं भाडं परवडेना. महूहून एक मुलगा पहाटेच्या बसने यायचा, डाव्या पायाने असा क्रॉस टाकायचा की मी चहाचा ग्लास खाली ठेवायचे. क्लब बंद झाल्यावर तो दिसला नाही. मागच्या महिन्यात कळलं, एका गोदामात कामाला लागलाय. उद्या कुठूनतरी उचललेली टीम इंदूरला आली, तरी त्या मुलाला तिच्यात जागा नाही. ती आपले खेळाडू सोबत घेऊन येणार.

म्हणून माझं म्हणणं असं, की सह्या घ्या, पण अर्ज बदला. कलेक्टर साहेबांना लिहा की शहरातली दोन मैदानं वर्षभर फुटबॉलसाठी मोकळी ठेवा. राज्य संघटनेला लिहा की इंदूर, महू, देवास, उज्जैनच्या क्लबांची सहा महिने चालणारी लीग हवी. त्यातून एक क्लब आय-लीगच्या खालच्या पायरीवर पोचायला दहा वर्षं लागली तर लागू देत. त्या अर्जावर पहिली सही माझी.

बंद पडलेल्या क्लबातल्या सहा-सात पालकांनी मिळून आम्ही पुन्हा सुरुवात केली आहे. मुलं सतरा आहेत, गोलपोस्ट एका वेल्डरने जुन्या पाइपांतून करून दिले, जाळ्या कालच आल्या. महूच्या त्या मुलाला निरोप धाडलाय, रविवारी सुट्टी असते म्हणाला. पहिली मॅच रविवारी सकाळी साडेसहाला. चुन्याच्या रेषा आखायला आणि जाळ्या बांधायला दोन-तीन माणसं कमी आहेत. साडेपाचला येऊ शकणाऱ्यांनी मला मेसेज करा, मैदान कुठलं ते कळवते. पोहे मी घरून आणतेय.