सुई टोचली? आधी ठेकेदार कोण ते सांगा!

राजेहो, आज डोकं फिरलंय. सभ्य भाषेची अपेक्षा ठेवू नका.

सकाळी लेबर रूमची पिवळी पिशवी उचलता उचलता आमच्या दवाखान्यातल्या सफाईवाल्या मावशीच्या अंगठ्यात सुई घुसली. पिवळ्या पिशवीत! रक्ताचा कापूस, गॉज, वार टाकायच्या जागी कुण्या महाभागानं सिरिंजसकट सुई फेकलेली. सुयांचा पांढरा डबा तिथून हातभर अंतरावर. पण तो आतून कोरा करकरीत, कारण तो तपासणीवाले येतात तेव्हा दाखवायचा असतो.

मावशीनं हातमोजा काढला. मोजा कसला, पेशंट तपासायचा तो पातळ रबरी, घालतानाच फाटणारा. जाड मोजे आलेत, पण कपाटात आहेत; खराब होतील ना! अंगठ्यावर रक्ताचा थेंब, आणि बोटांवर बोंडांचे ओरखडे, कारण सुट्टीच्या दिवशी बाई कापूस वेचायला जाते. म्हणजे टोचायच्या आधीच कातडी उघडी. वर मलाच समजावते, "काही नाही होत ओ सिस्टर, पऱ्हाटीत याच्याहून जास्त टोचते."

तिला नळाखाली साबणानं हात धुवायला लावला, तर मागून एक जण ओरडतोय, "दाबा, रक्त काढा, स्पिरिट लावा!" दाबू नका, चोळू नका, स्पिरिट लावू नका, असा कागद भिंतीवर चिकटवलेला आहे. हा त्याच भिंतीला टेकून उभा.

मग खरा तमाशा. अपघाताची नोंद करायला रजिस्टर मागितलं तर बाबूजी म्हणतात, "मॅडम, मावशी कंत्राटी आहे. आपल्या रजिस्टरमध्ये नाव कसं घेता येईल? ठेकेदाराला विचारा." ठेकेदाराला फोन लावला. आधी उचलेना. उचलला तर विचारतो, "कोणती मावशी?" अरे, तुझी! सांगितल्यावर म्हणे, "तिले घरी पाठवून द्या, अर्धी हजेरी मारतो." अर्धी! दवाखान्याची पिशवी, दवाखान्याची सुई, आणि पैसे कापणार मावशीचे. वरून "बाकी काही सेवा?" असंही विचारलं त्यानं. मी काय उत्तर दिलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

2016 च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमात सरळ लिहिलंय की कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हेपटायटिस बी आणि धनुर्वाताची लस द्या. प्रत्येकाला. पर्मनंट-कंत्राटी असा शब्द त्यात मला तरी दिसला नाही. मावशीला बी चा पहिला डोस मिळाला होता. मग ठेकेदार बदलला, कागद त्याच्यासोबत गेले, एक आणि सहा महिन्यांचे डोस हवेत विरले.

सुई कोणत्या पेशंटची, पत्ता नाही. एचआयव्हीची लागण टाळायच्या गोळ्यांचा पहिला डोस शक्यतो दोन तासांत जायला हवा, 72 तासांनंतर त्याचा उपयोग धरत नाहीत. गोळ्या कपाटात, कपाटाला कुलूप, चावी फार्मासिस्टच्या खिशात आणि फार्मासिस्ट जिल्ह्याला मीटिंगमध्ये. शेवटी ते कुलूप कसं उघडलं हे विचारू नका. कडी आता थोडी वाकडी आहे.

आणि सगळ्यांची एकच कॅसेट, "एचआयव्ही तर नाही ना?" बाप्पा, एचआयव्हीच्या सुईनं लागण होण्याचा धोका हजारात तीनच्या आसपास. हेपटायटिस बी च्या सुईनं लस न घेतलेल्याला तो शंभरात तीसपर्यंत जातो. हेपटायटिस सी ला तर लसच नाही. बी साठीचं इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन, शक्यतो 24 तासांत द्यायचं असतं आणि ते मिळतं जिल्ह्याला. म्हणजे मावशीनं एसटीनं जायचं आणि उरलेली अर्धी हजेरीही घालवायची.

आता निघालंच आहे तर बाकीचंही ऐका. सुईला टोपण परत लावणारे डॉक्टर, तेही दोन्ही हातांनी. सुई जाळायचा विजेवर चालणारा नीडल बर्नर, आमच्याकडे, जिथं दुपारी लाईट राहील याची खात्री नाही! सिकलसेलच्या पोरांचं रक्त काढताना पोरगं हात झटकतंय आणि बाप मोबाईलवर शूटिंग करतोय. ट्रेनिंगला नेहमी त्याच दोन जणी, कारण तिथलं जेवण चांगलं असतं. मावशीला एकदाही पाठवलं नाही. कचऱ्याच्या बकेटांचे रंग मात्र सगळ्यांना तोंडपाठ आहेत.

माझंही काही खरं राहिलं नाही म्हणा. परवा सासूबाई घरी वाकळ शिवत होत्या, तर मी स्वयंपाकघरातून किंचाळले, "सुई खाली ठेवू नका, डब्यात टाका!" त्यांनी टाकली, बिस्किटाच्या डब्यात. नवरा आता चहासोबत बिस्किट मागत नाही. नर्सिंगच्या पोरी मला काय म्हणतात हेही कानावर आलंय. म्हणू द्या, त्या सुया पांढऱ्या डब्यात टाकतात तोवर काहीही म्हणू द्या.

तर, रजिस्टरमध्ये नाव घेतलं. बाबूजींच्या नाकावर टिच्चून, लाल पेनानं. हुद्द्याच्या रकान्यात 'सफाई कामगार' लिहिलं, ठेकेदाराचा रकाना त्यात नव्हताच. मावशीचा राहिलेला दुसरा डोस मीच टोचला, तिसरा दोन महिन्यांनी. तारीख माझ्या मोबाईलमध्ये टाकलीय, कारण तोवर ठेकेदार कोण असेल ते बाबूजींनाही सांगता येत नाही.