'पोर्सलीन सांगून माती विकली' या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार ताई, तुम्हाला त्रास झाला त्याबद्दल सॉरी. दुकान बंद करायच्या वेळेला तुम्ही सगळे आलात, त्यात माझं बोलणं तुटक वाटलं असेल. पण 'डच पोर्सलीन म्हणून फुटक्या कडेची मातीची थाळी १४० युरोला गळ्यात मारली, फसवलं' हे जे लिहिलंय ते फार लागलं हो. बिल काढून बघा, त्यावर 'डेल्फ्ट, मातीचं, १८वं शतक, कडेला टवके' असंच आहे. टवके सुद्धा मीच लिहिलेत.

पुण्यातल्या तुमच्या ओळखीच्यांनी ही माती आहे म्हणून सांगितलं, बरोबरच सांगितलं की! डेल्फ्ट म्हणजे इथल्या, नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट गावची निळी-पांढरी भांडी, आणि जुनं डेल्फ्ट मातीचंच असतं. १६४४ ला चीनमध्ये मिंग घराणं कोसळलं, त्या धामधुमीत डच ईस्ट इंडिया कंपनीला तिकडची निळी-पांढरी भांडी पुरेशी मिळेनात, मग इथल्या कुंभारांचं फावलं, पण पोर्सलीनला लागणारी चिनी माती आणणार कुठून, म्हणून साध्या पिवळट मातीवर कथलाचा पांढरा ग्लेझ, म्हणजे काचेसारखा चकचकीत थर, आणि वर कोबाल्टचं निळं काम. तो कच्चा ग्लेझ कोरड्या पिठासारखा असतो, ब्रश टेकला की रंग पिऊन टाकतो, खोडायची सोयच नाही. तुमच्या थाळीवर उजवीकडच्या पाकळीची रेघ मध्येच जाड झालीये ती त्यामुळेच. आताच्या छापील प्लेटला भिंगाखाली ठिपके दिसतात, इथे एक तरी दाखवा. मागच्या बाजूला कडेजवळ तीन बारीक खुणा आहेत, त्या भट्टीत थाळी ज्या खुंट्यांवर ठेवायचे त्यांच्या.

आणि टवके म्हणाल तर ग्लेझ आणि माती सारखी आकसत नाही, म्हणून कडेचा ग्लेझ उडतो, जुन्या डेल्फ्टचं हे नेहमीचंच. आम्ही तर आधी टवकाच बघतो, आत माती दिसते ना. टवके नसते तर भाव यापेक्षा जास्त असता. तुमच्या साहेबांनी तिथेच गाडीच्या किल्लीने खरवडून बघितलं तेव्हा मी गप्प बसलो, ते मात्र रिव्ह्यूमध्ये आलं नाही.

'खाली शिक्का नाही' हा पण आरोप आहे. साध्या थाळ्यांना बऱ्याचदा शिक्का नसायचाच. उलट खाली इंग्रजीत ठळक 'हँडपेंटेड' असेल तर ते बहुतेक गेल्या शतकातलं टुरिस्ट लोकांसाठीचं काम.

खरं डच पोर्सलीन वेगळंच. १७५९ ला वेस्प गावी सुरू झालं, पुढे १७७४ ला लोसद्रेख्तच्या योहानेस दे मोल नावाच्या पाद्र्याने कारखाना काढला, त्याच्या मालाखाली 'एम ओ एल' अशी अक्षरं असतात. टॉर्च धरला की उजेड आरपार दिसतो. तसा कप तुम्हाला काचेच्या कपाटातून काढून दाखवला होता, तुम्हीच म्हणालात एवढ्याशा कपाला इतके पैसे कोण देतं.

असो. मराठीत पण पाटी लावायचं बघतो, माती कुठली, पोर्सलीन कुठलं ते. थाळी नकोच असेल तर पैसे परत देतो, फक्त इकडे येणाऱ्या कुणाच्या तरी हॅन्डबॅगेतून पाठवा, कुरिअरने नको, फुटेल. आणि सीझन चालू आहे, दुकान आम्ही नवरा-बायकोच चालवतो, लोक आधी स्टारच बघतात, तो 'फसवलं' शब्द तेवढा काढता आला तर बघा ताई.