इंटिग्रेटरचा ऑफसेट एका रेझिस्टरने मिटत नाही

ऑप-अँप (खूप जास्त गेनचा अँप्लिफायर आयसी) वापरून केलेला इंटिग्रेटर इनपुट व्होल्टेजची काळानुसार बेरीज करत जातो. त्याच्या ऑफसेटबद्दल, म्हणजे इनपुट शून्य असतानाही ऑप-अँपच्या टोकांवर राहणाऱ्या छोट्या चुकीच्या व्होल्टेजबद्दल, एक सल्ला सगळीकडे फिरतो: 'ऑफसेट दोन-चार मिलिव्होल्टचा असतो, सोडून द्या. फारच वाटलं तर नॉन-इन्व्हर्टिंग (+) टोकाला इनपुटइतकाच रेझिस्टर लावा, कपॅसिटरला समांतर एक मोठा रेझिस्टर जोडा, झालं काम.' यातलं प्रत्येक वाक्य अर्धं खरं आहे, आणि उरलेल्या अर्ध्यातच सर्किट फसतं.

आधी मिलिव्होल्टचं बघू. अँप्लिफायरमध्ये ऑफसेट ठरावीक पटीने वाढतो आणि थांबतो. इंटिग्रेटर त्याची बेरीज करतच राहतो. इनपुट रेझिस्टर १०० किलोओहम, कपॅसिटर ०.१ मायक्रोफॅरड घ्या. १ मिलिव्होल्ट ऑफसेटने आउटपुट दर सेकंदाला ०.१ व्होल्ट सरकतं. १५ व्होल्टच्या सप्लायवर सव्वादोन मिनिटांत ते सॅच्युरेशनला, म्हणजे सप्लायजवळच्या कमाल मर्यादेला, टेकतं. कपॅसिटर दर काही मिलिसेकंदांनी रिसेट होत असेल, तर मात्र 'सोडून द्या' हा सल्ला चालेल.

नॉन-इन्व्हर्टिंग टोकाचा रेझिस्टर फक्त बायस करंटसाठी, म्हणजे ऑप-अँपच्या इनपुट टोकांतून वाहणाऱ्या बारीक करंटसाठी, असतो. ७४१ या ऑप-अँपचा बायस करंट साधारण ८० नॅनोअँपिअर, म्हणजे १०० किलोओहमवर ८ मिलिव्होल्टइतकी चूक. तिथे तो खरोखर उपयोगी, कारण मग दोन टोकांच्या करंटमधला फरक तेवढा उरतो: साधारण २० नॅनोअँपिअर, २ मिलिव्होल्ट. ऑफसेट व्होल्टेज जागच्या जागी राहतं. टीएल०८१सारख्या जेफेट (फील्ड-इफेक्ट ट्रान्झिस्टर) इनपुटच्या ऑप-अँपचा बायस करंट पिकोअँपिअरमध्ये असतो. तिथे हा रेझिस्टर फक्त नॉइज वाढवतो.

समांतर रेझिस्टर आउटपुटचं सरकणं थांबवतो, चूक घालवत नाही. १ मेगाओहम लावला तर ऑफसेट ११ पट होऊन आउटपुटवर बसतो, १० मेगाओहमला १०१ पट. शिवाय १ मेगाओहमला १.६ हर्ट्झखाली सर्किट इंटिग्रेटर उरतच नाही, आणि १६ हर्ट्झलाही फेज जवळपास ६ अंशांनी चुकलेली असते. संथ सिग्नल मोजायला बसलेल्यांना हे आधी सांगायलाच हवं.

म्हणून उपायाआधी चूक कुणाची ते शोधा. समांतर रेझिस्टर काढा, नॉन-इन्व्हर्टिंग टोक थेट ग्राउंडला जोडा, इनपुटही ग्राउंड करा. कपॅसिटर रिसेट करून आउटपुट किती वेगाने सरकतं ते मोजा. मग इनपुट रेझिस्टर दुप्पट करून पुन्हा मोजा. वेग निम्मा झाला तर दोष ऑफसेट व्होल्टेजचा: कमी ऑफसेटचा किंवा चॉपर (स्वतःचा ऑफसेट सतत दुरुस्त करणारा) ऑप-अँप घ्या. वेग तसाच राहिला तर बायस करंटचा: जेफेट किंवा सीमॉस इनपुटचा घ्या. मधलंच काही आलं तर दोन्ही आहेत. दोन वेगांच्या फरकाची दुप्पट म्हणजे पहिल्या मापनातला ऑफसेट व्होल्टेजचा वाटा. वजाबाकी करताना दिशा, म्हणजे चिन्ह, विसरू नका.