शिंग, वस्तरा आणि अर्धी दाढी

वस्तऱ्याचं पातं शंभर वर्षं टिकतं. मूठ टिकत नाही. सगळं दुखणं इथून सुरू होतं.

पुण्याच्या जुन्या बाजारात, गंजकी कुलपं नि काटे नसलेली घड्याळं यांच्या ढिगात असा एखादा वस्तरा पडलेला असतोच. मला मिळाला तो झोलिंगेनचा. जर्मनीतलं हे शहर पात्यांच्या बाबतीत भलतंच मानी. बाहेर बनलेल्या सुरी-कात्रीवर ‘झोलिंगेन’ हे नाव टाकायला तिथे १९३८ पासून कायद्यानेच मनाई आहे. पात्यावर गंजाचे देवीसारखे वण, पण मानेजवळ नाव शाबूत. मूठ कासवाच्या पाठीची नक्कल केलेल्या सेल्युलॉइडची, म्हणजे जुन्या काळच्या प्लॅस्टिकची. सेल्युलॉइडमध्ये कापूर असतो, त्यामुळे मूठ नाकाशी धरली की थेट देवघर! पण म्हातारपणी हे सेल्युलॉइड आम्लाच्या वाफा सोडतं आणि पोटातल्या पात्यालाच गंजवतं. कुंपणच शेत खातं, ते हे असं.

“केवढ्याला?” बायकोने विचारलं. मी आकडा निम्मा करून सांगितला.

“अहो, एवढ्यात सहा महिने दाढी झाली असती!”

तर मूठ नवी हवी, आणि तीही शिंगाची. विजयदुर्गाला एके काळी गव्याच्या शिंगाच्या वस्तू बनत. आता गव्याला कायद्याचं संरक्षण, म्हणून म्हैस. पुण्याच्या आसपास म्हशींना तोटा नाही, पण आपणहून शिंग काढून देणारी काही भेटली नाही. शोधता शोधता कळलं, की म्हशीचं शिंग कुत्र्यांना चघळायला म्हणून चक्क घरपोच मिळतं. पार्सल आलं, वर जीभ काढलेल्या कुत्र्याचं चित्र. आमच्याकडे कुत्रा नाही हे वॉचमनला पक्कं ठाऊक. त्या दिवसापासून तो माझ्याशी जरा जपूनच बोलतो.

शिंग घासायला घेतलं की जळक्या केसांचा वास सुटतो. सुटणारच, कारण शिंग, नखं आणि केस ही सगळी केराटिन या एकाच प्रथिनाची भावंडं. म्हणजे केस कापणाऱ्या हत्याराला केसांच्याच भावाची मूठ! हा विचार मला फार थोर वाटला. आईला वाटला नाही.

“दिवेलागणीला घरात केस कोण जाळतंय?”

माझी रवानगी बाल्कनीत झाली. शिंगाची धूळ फुफ्फुसांना वाईट, म्हणून नाकातोंडाला मास्क. शेजारी बादली, हातात करवत आणि मांडीवर शिंग. समोरच्या इमारतीतल्या आजींनी खिडकी लावून घेतली.

वाकडं शिंग सरळ करायला ते उकळावं लागतं.

“कुठलं पातेलं घेतलंय?”

“जुनं.”

“कुठलं जुनं?”

इथे मी क्लॅम्प आवळण्यात गर्क झालो. उकळलेलं शिंग मऊ पडतं. ते दोन लोखंडी पट्ट्यांत दाबून थंड होऊ द्यायचं. दुसऱ्या दिवशी पट्ट्या काढल्या की ते गुमान पडून राहतं आणि आपली पाठ वळली की मूळ वळणावर जातं. म्हैस गेली तरी तिचा हट्ट शिंगात शिल्लक असतो. पुन्हा पातेलं.

खरा जीव टांगणीला लागतो तो रिबीट मारताना, म्हणजे मुठीच्या दोन बाजू आणि मधलं पातं तारेने जोडताना. सुईहून थोडी जाड पितळी तार, तिच्या टोकाला मसुरापेक्षाही लहान चकती आणि सोनाराकडे असते तसली चिमुकली हातोडी. ठोके असे द्यायचे की ते तारेला कळावेत, शिंगाला कळू नयेत. जरा जोर झाला की शिंग तडकतं. शिवाय वस्तरा मिटला की पातं बरोबर मधोमध बसायला हवं. केसभर कललं तरी धार मुठीला घासते. टक, टक, उघड, मीट, डोळा बारीक करून बघ, पुन्हा टक. आत आईचं सुरू होतं, “रिकामा न्हावी कुडाला तुंबड्या लावी.” या म्हणीत न्हाव्याची उगाच बदनामी आहे. असले उद्योग न्हावी करत नाहीत, नोकरदार करतात.

धार लावणं त्यामानाने सोपं, कारण त्यातली अक्कल वस्तरा बनवणाऱ्यानेच वापरून ठेवलेली असते. पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकवून घासायचं, कोन आपोआप जमतो. आधी हजार नंबरचा दगड, मग चढत चढत बारा हजारापर्यंत. दगड जितका गुळगुळीत, तितकी त्याची किंमत टोचते. मग चामड्याचा पट्टा. त्यावर पाठ पुढे, धार मागे. परीक्षा मात्र केसाची. चिमटीत धरलेला केस नुसत्या स्पर्शाने तुटला पाहिजे. बायकोच्या कंगव्यातले केस मी गोळा करताना आईने पाहिलं आणि शांतपणे विचारलं, “लिंबूही हवंय का?”

केस तुटला. उजवा गाल झक्क झाला. डाव्या गालासाठी वस्तरा डाव्या हातात घ्यावा, असं जाणकार सांगतात. माझ्या डाव्या हाताने आजवर फक्त पिशव्या धरल्यात. तो गळ्याजवळ थरथरायला लागल्यावर मी साबण पुसला आणि खाली सलूनमध्ये गेलो.

सलूनवाल्या काकांनी वस्तरा उघडला, मिटला, अंगठ्याने आडवी धार चाचपली. “धार एक नंबर.” माझा डावा गाल मात्र त्यांनी अर्ध्या ब्लेडच्या वस्तऱ्यानेच केला. गिऱ्हाइकादेखत नवं ब्लेड मोडलं नाही तर हल्ली कोणी खुर्चीत बसत नाही म्हणे. मग पूर्ण दाढीचे पैसे मागितले.

“काका, एकच गाल होता!”

“दुसरा मी नीट केला की. त्याचे खरं तर जास्त होतात.”