पाट आठच

लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला जुनीच पत्रिका पुन्हा छापायची, असं बायकोनं जाहीर केलं. १९९८ साली मी पुण्यात डीटीपी करायचो, त्यामुळे ती मीच मॅकवर जुळवली होती. फाईल १०० एमबीच्या झिप डिस्कवर, म्हणजे जाडसर फ्लॉपीसारख्या तबकडीवर. "दहा मिनिटांचं काम," मी म्हणालो. मॅक माळ्यावरून उतरवण्यातच रविवारची दुपार गेली.

यूएसबीवर वाढलेल्या पोरांना स्कझी, म्हणजे मॅकला बाहेरची यंत्रं जोडायची जुनी पद्धत, समजावणं कठीण. ही जोडणी म्हणजे पंगत, पाट आठच, शून्य ते सात. सातवर यजमान, म्हणजे खुद्द मॅक. शून्यावर आतली हार्ड डिस्क. बाकीच्यांनी आपापला नंबर ठरवूनच यायचं. एका पाटावर दोघं बसले की पंगत उधळली. माझी बाहेरची हार्ड डिस्क पाचवर आणि झिप वाचणारा ड्राइव्हही पाचवर! झिपला पाच आणि सहा सोडून तिसरा पाट चालत नाही, मागे बटणच तेवढं. सहावर ढकललं.

केबल अंगठ्याएवढी जाड. मॅकच्या टोकाला पंचवीस पिना, दुसऱ्या टोकाला पन्नास. (उरलेल्या कुठे गेल्या? बहुतेक ग्राउंडच्या होत्या, काटकसर केली.) शिवाय सोवळं कडक: वीज चालू असताना केबलला हात लावायचा नाही. आधी बाहेरची मंडळी चालू, मग मॅक. म्हणजे दर खेपेला सगळं बंद, सगळं चालू.

तरी झिप दिसेना. मग आठवला टर्मिनेटर, म्हणजे टोकाला आलेला सिग्नल जिरवणारा भाग. एकामागे एक जोडलेल्या यंत्रांच्या साखळीच्या दोन्ही टोकांना तो हवाच, नाहीतर सिग्नल टोकावर आपटून माघारी फिरतो आणि मागून येणाऱ्याच्या अंगावर जातो. मधे मात्र अजिबात नको. आमच्या मधल्या हार्ड डिस्कच्या पोटातच तो बसलेला. रात्रीचे अकरा वाजलेले. पेटी खोलण्याऐवजी ती डिस्कच पंगतीतून उठवली आणि पलंगाखाली सारली.

झिप उगवली! फाईल उघडली. युनिकोड रुळण्याआधीचं मराठी ते, फॉन्ट नसला की नुसती इंग्रजी अक्षरं नि चिन्हं.

"यातली मी कुठली?" बायकोनं चष्मा लावत विचारलं. तिच्या नावाच्या जागी एक डॉलर, दोन कंस आणि टक्क्याची खूण होती. माझ्या जागी नुसतं उद्गारचिन्ह.

"फॉन्ट टाकला की दिसेल."

"मग टाक ना."

आतल्या डिस्कवर जागा नव्हती म्हणून सगळे मराठी फॉन्ट मी तेव्हा बाहेरच्या डिस्कवर हलवले होते.

मी मॅक बंद केला, झिप बंद केली आणि पलंगाखाली वाकलो.