पंखा फिरतोय, आग नाही

अमेरिकेच्या युटा राज्यातलं ब्राइस कॅन्यन म्हणजे लाल दगडी सुळक्यांचं जंगल, उंची आठ हजार फूट, कळसूबाईच्या जवळपास दीडपट. तिथे ऑक्टोबरमध्ये रात्री पाणी गोठतं हे मी साताऱ्याहून आलेल्या आईबाबांना मुद्दाम सांगितलं नव्हतं, कारण आमच्या सेकंडहँड मोटरहोममध्ये, म्हणजे राहायच्या गाडीत, फर्नेस म्हणजे गॅसवरचा हीटर आहे आणि तो झकास चालतो असं मी तीन दिवस मिरवत होतो.

रात्री दोनला बायकोने कोपराने ढोसलं. पंखा घूंऽऽ करत होता, आणि जाळीतून येणारा वारा बर्फासारखा गार. बाबा कानटोपी घालून बसलेलेच होते. "अरे हा तर कूलर आहे."

या फर्नेसचं सगळं लग्नासारखं असतं. थर्मोस्टॅटने हाक मारली की आधी पंखा सुटतो, त्याचा वारा एका पातळ पत्र्याच्या पात्याला ढकलतो, तोच सेल स्विच (सेल म्हणजे शीड, बॅटरीचा सेल नव्हे), आणि मामाने आणल्याशिवाय नवरी मांडवात येत नाही तसं ते पातं पुरतं कलल्याशिवाय गॅस येत नाही. जोडीला लिमिट स्विच असतो, आत फार तापलं की सर्किट तोडणारा. दोघं राजी झाले की पंधराएक सेकंदांनी गॅस आणि ठिणगीची टिकटिक एकदमच, मग भुप्प. आमच्याकडे टिकटिकच नव्हती, म्हणजे वरात मांडवापर्यंत पोचतच नव्हती, आणि मी मात्र आधी जाऊन बाहेर गॅसची टाकी हलवून बघितली, चप्पल घालून, त्या थंडीत, का ते विचारू नका.

मग बॅटरी. तिथल्या कॅम्पग्राउंडला विजेचं कनेक्शन नाही, रात्री जनरेटर लावायला बंदी, आणि बॅटरी उतरली की पंखा मरगळतो आणि पातं ढकलायला वारा पुरत नाही. पण मीटरवर 12.2 व्होल्ट, पंखा चालू असताना. चांगलंय की.

"त्या सेल स्विचच्या दोन्ही वायरी एकमेकीला जोड, डायरेक्ट कर," बाबा म्हणाले. आयुष्य वर्कशॉपमध्ये गेलेलं, त्यांना डायरेक्ट हा शब्द रामनामासारखा. म्हणलं बाबा, वारा नसताना आग पेटली तर आतली भट्टी तापून तडकेल आणि कार्बन मोनॉक्साइड या डब्यात, आपण चौघं झोपलेले. त्यावर ते गप्प झाले पण पटलेलं नव्हतं, ते चेहऱ्यावरून कळतं.

फर्नेस बंद करून झाकण काढलं, मोबाईलचा टॉर्च दातात. लिमिट स्विचला मीटर लावला, बीप आला, म्हणजे सर्किट जोडलेलं, तो पास. सेल स्विच पंखा बंद असताना गप्प असायला हवा, गप्प होता. मग बोटाने पातं हलकेच दाबलं. अर्ध्यावर गेलं आणि अडलं. क्लिक नाही.

बायकोने तिचा भुवयांचा चिमटा काढून दिला (घासाघीस करून, परत देईन या शपथेवर). पात्याच्या मागे पांढरी लोकर. ओढली तर येतच राहिली, आणि शेवटी त्यात अडकलेली एक अख्खी, नीट वळलेली, सव्वा इंच लांब वात.

सगळ्यांनी आईकडे बघितलं.

तीन दिवस ती फर्नेसच्या जाळीवरच्या बाकड्यावर बसून त्रिपुरी पौर्णिमेच्या 750 वाती वळत होती, बोटाला दूध लावून, खिडकीतून आख्खी अमेरिका बघत, आणि खालून फर्नेस वारा ओढत होता, वाऱ्याबरोबर कापूस.

झाकण बसवलं, बटण दाबलं. पंखा. थांबलो. टिकटिकटिक. भुप्प. बाबांनी कानटोपी काढली.

मी तो बोळा कचऱ्यात टाकायला निघालो तर आई पांघरुणातून म्हणाली, "टाकू नकोस रे, देवकापूस आहे तो. आणि ती वात इकडे दे, मला एक कमी भरत होती."