नदालच्या आधीचं माँटे कार्लो
माँटे कार्लो टेनिस स्पर्धेवरचा तुमचा लेख आवडला, पण त्यात स्पर्धेचा इतिहास जवळजवळ २००५ पासूनच सुरू झाल्यासारखा वाटतो. नदालची ११ विजेतेपदं, त्यातली २००५ ते २०१२ अशी सलग आठ, यांना तोड नाहीच. २०१३च्या अंतिम सामन्यात जोकोविचनं त्याला हरवलं तेव्हा मलाही रडू आलं होतं. पण ही स्पर्धा १८९७ची आहे हो! पहिल्या काही वर्षांत इंग्लंडच्या रेगी डोहर्टीनं ती सहा वेळा जिंकली.

मला सर्वांत जास्त आठवतो तो न्यूझीलंडचा अँथनी वाइल्डिंग. पाच वेळा विजेता, त्यातली चार वर्षं सलग, १९११ ते १९१४. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तो फ्रान्समध्ये महायुद्धाच्या आघाडीवर मारला गेला. वय अवघं ३१. त्याच्यावर दोन ओळी तरी हव्या होत्या.

एक दुरुस्तीही सुचवते. स्पर्धा ‘मोनॅकोत’ होते असं तुम्ही लिहिलंय. नाव मोनॅकोतल्या माँटे कार्लोचं असलं तरी १९२८ पासून ती जिथे होते तो कंट्री क्लब हद्दीपलीकडे, फ्रान्सच्या रोकब्रून-काप-मार्तां गावात आहे.

आणि आपली भारतीय माणसं लेखातून कशी राहून गेली? २०१७ला रोहन बोपण्णानं उरुग्वेच्या पाब्लो क्वेव्हासबरोबर इथे दुहेरी जिंकली. २०२४ला सुमित नागल पात्रता फेरीतून वर आला, पहिला सेट गमावूनही त्यानं इटलीच्या मातेओ अर्नाल्डीला हरवलं. मास्टर्स दर्जाच्या (ग्रँड स्लॅमखालोखालच्या) स्पर्धेत मातीच्या कोर्टवर एकेरीच्या मुख्य फेरीतला भारतीयाचा तो पहिला विजय. पुढच्या भागात हे नक्की घ्या.